बियांची ठिगळं

३ फेब्रुवारी

मापांच्या वहीत मागच्या बाजूने लिहायला घेतलंय. पुढच्या बाजूला गिऱ्हाइकांच्या छात्या, कंबरा आणि बाह्या असतात, मागची पानं कोणी बघत नाही. आणि बायको, आमची ही, तर आता कुठल्याच बाजूने वाचू शकत नाही.

आज डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मोतीबिंदू दोन्हीकडे पिकलाय, उजवा जास्त. शस्त्रक्रिया करायची, पण आत्ता नाही. हिची तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पूर्णांक चार आली. ती आठाच्या खाली आणा, मग तारीख देते, असं बाई म्हणाल्या. हिने विचारलं, "नाही आली तर?" बाई म्हणाल्या, "तर थांबावं लागेल. पण मला डोळ्याचा आतला पडदा तपासायचाय आणि मोतीबिंदू आड येतोय. पडद्याला साखरेने काही झालं असेल तर ते नंतर भरून येत नाही. तेव्हा फार थांबू नका."

घरी चपला काढताना ही एवढंच म्हणाली, "थांबायचं तर थांबू." तिचा धीर बघून मला बरं वाटलं.

गोळ्या बदलल्यात. शिवाय खाण्याचा कागद दिलाय आणि त्यात पहिल्याच ओळीत, दोनदा अधोरेखित करून, बिस्किटं बंद असं लिहिलंय. ही चाळीस वर्षं आमच्या दुकानात काजं करतेय. पाच काजं झाली की एक चहा, आणि एका चहाला बुडवून तीन बिस्किटं, हा तिचा शिरस्ता. आता दिवसात पाच काजंसुद्धा होत नाहीत, पण चहा मात्र होता तेवढाच आहे.

५ फेब्रुवारी

दोन दिवस ही चहाचा कप हातात धरून बसते आणि तो थंड झाला की तसाच ठेवून देते. काही बोललं की म्हणते, "मी कुठे काय म्हणतेय?" हे वाक्य ती म्हणते तेव्हा खूप काही म्हणायचं असतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय.

लेकीचा फोन आला. ती दूरच्या गावी औषधांच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे तिला सगळंच ठाऊक असतं. म्हणाली, "बाबा, बियांचे क्रॅकर्स करा. त्यात पीठ अजिबात नसतं. आईला तोंडात टाकायला काहीतरी होईल." बोटावर सुई टोचून घरी साखर तपासायचं यंत्रही पाठवते म्हणाली, पण ते हिने मागेच धुडकावलंय. बोटं कामाची आहेत, ती भोकं पाडायला नाहीत, असं तिचं म्हणणं.

मी इथे कृती लिहून घेतली. बदामाची भरड एक वाटी. सूर्यफुलाच्या बिया अर्धी वाटी, भोपळ्याच्या अर्धी. जवस आणि तीळ पाव पाव वाटी. इसबगोल दोन चमचे, मीठ, कोमट पाणी. मळायचं, अर्धा तास ठेवायचं, पातळ लाटायचं, कापायचं, मंद आचेवर भाजायचं. पुढे ती कागदाचंही काहीतरी सांगत होती, दोन कागद घ्या वगैरे, पण तेवढ्यात शेजारचा घड्याळजी दुकानात शिरला आणि राहून गेलं. कागदाचं मला कोणी शिकवायला नको, जन्म कागदावर नमुने कापण्यात गेलाय.

घड्याळजीला कोट हवाय. नाकावर चष्मा नाही, डोळ्यात भिंग अडकवून कापड तपासलं त्याने. काजं हाताचीच हवीत म्हणाला. "कधी देशील?" मी म्हटलं, महिन्याभरात. माप घेताना म्हणाला, "शिवणीच्या आत माया भरपूर सोड, पोट सुटतंय." मी म्हटलं, मी कधी कमी सोडलीय.

८ फेब्रुवारी

लेकीने तीन वर्षांपूर्वी दिलेला ओव्हन आज पहिल्यांदा लावला. आजवर त्यात आम्ही पिशव्या ठेवत होतो.

मळेपर्यंत ठीक होतं. लाटायला घेतलं तर सगळा गोळा लाटण्याला गुंडाळून वर आला. ओट्याला चिकटलं, मनगटाला चिकटलं, चष्म्यालाही लागलं. दोनदा खरवडून काढलं. मग डब्यातली थोडी पिठी लावली तेव्हा कुठे सरळ लाटलं गेलं. पट्टी ठेवून, नमुना उतरवायच्या दातेरी चाकाने चौकोन पाडले. दोन इंच बाय दोन इंच, आणि चारी बाजूंनी सुतभर माया सोडली, कारण कापड धुतल्यावर आटतं तसं हेही भाजल्यावर आकसत असणार. आकसलंच. बरोबर दोन इंच भरलं, पट्टी लावून पाहिलं.

हिने एक उचलला, बोटांनी चाचपला, कडा मोजल्यासारख्या केल्या आणि म्हणाली, "हे काय, ठिगळ?" खाल्ल्यावर म्हणाली, "बरं आहे ठिगळ." चहात बुडवलं तर मधोमध मोडून तळाला गेलं. तिने बोट घालून काढायचा प्रयत्न केला आणि मग तसाच चहा ठेवून दिला.

९ फेब्रुवारी

जे कुठेच बोललो नाही ते इथे लिहितो.

मी पहाटे पाचला उठतो. हिला वाटतं मला झोप येत नाही. मी आधी बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवतो, कारण तिला ओवता येत नाही आणि प्रत्येक वेळी मला हाक मारायला तिला आवडत नाही. मग तिने आदल्या दिवशी केलेली काजं काढतो, उसवतो आणि पुन्हा करतो. ती वाकडी येतात. टाके कुठे दाट, कुठे विरळ, एखादा तर काजाच्या बाहेरच. चाळीस वर्षांत तिच्या काजाला कोणी नाव ठेवलं नाही. लोक कोट माझ्याकडून शिवतात ते खरं तर तिच्या काजांसाठी, मला काही गैरसमज नाही. आता हे गिऱ्हाइकाच्या हातात कसं द्यायचं? आणि तिला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

सहा महिने झाले याला. सातच्या आत सगळं आवरून पुन्हा तिच्या टोपलीत ठेवतो. ती उठते तेव्हा मी इस्त्री तापवत असतो.

१४ फेब्रुवारी

रोज एक घाणा. बदाम जास्त घेतले तर भुगा होतो, जवस जास्त झालं तर दोरीसारखं वातड होतं. हिला विचारलं की "छान झालंय" म्हणते. कालचे करपलेले होते, तेही छान होते. तिला कडा काळ्या झालेल्या दिसल्या नाहीत, मीच चव घेतल्यावर टाकून दिले.

संध्याकाळी ती घडी घालून ठेवलेल्या कपड्यांवरून बोट फिरवत बसते. काजापाशी बोट थांबतं, मागे येतं, पुन्हा पुढे जातं. स्वतःच्या कामावर समाधानी असेल. मला त्या वेळी तिच्याकडे बघवत नाही.

२६ फेब्रुवारी

आज एक शोध लागला, माझा मीच खूश आहे.

चौकोन कापल्यावर कडेची कातरण उरते. टाकून द्यायला जीव होत नाही, कापडाचीही मी टाकत नाही. ती सगळी गोळा करून, पिठी लावून पुन्हा मळली आणि लाटली. त्यातून चौकोन काढून पुन्हा कातरण उरली. ती तिसऱ्यांदा मळली. कोरडं पडून तुटत होतं म्हणून पाण्याचा हात आणि मूठभर पिठी घेतली. तिसऱ्या लाटण्यातले क्रॅकर्स असे निघाले की बस. पातळ, सरळ, टणक. चहात बुडवले तर मोडले नाहीत. हिने एक, दोन, तीन असे बुडवून खाल्ले आणि चौथा मागितला.

इतक्या दिवसांनी ती पोटभर चहा प्यायली. मी आत जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो.

११ मार्च

ती आता रोज विचारते, "कातरणीची आहेत का?" कातरणीची नसली तर एखादंच खाते. मग मी विचार केला की सगळाच घाणा तीनदा मळून लाटला तर? तसं करतो. वेळ लागतो, पण चालतंय. खांदे भरून येतात. दिवसभर कात्री, सकाळ-संध्याकाळ लाटणं.

घड्याळजी येऊन गेला. "महिना झाला. माझी घड्याळं तरी वेळ पाळतात." मी त्याला चार क्रॅकर्स दिले. चावत चावत म्हणाला, "बिस्किटासारखी लागतात की." मला ही पावती वाटली. त्याला म्हटलं, यात बदाम आणि बियांशिवाय काही नाही. तो म्हणाला, "असेल बुवा," आणि भिंग लावून एक निरखून पाहिलं.

कोट कापून पडलाय. बाह्या जोडायला सवड नाही.

३० मार्च

लिहिण्यासारखं काही घडलं नाही. थकलो आहे, एवढंच. जिन्यावर दोन पायऱ्या झाल्या की थांबावंसं वाटतं. विजार ढगळ झालीय, पट्ट्याला नवीन भोक पाडलं. म्हटलं, बियांचा गुण मलाही आला.

हिला विचारलं, "आठाच्या खाली आली की पहिलं काय बघशील?" ती म्हणाली, "आधी येऊ तर दे." मग माझ्याकडे न बघता, "ताईच्या डोळ्याचं आठवतंय ना?" तिच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन बिघडलं होतं. वीस वर्षं झाली त्याला. डोळा गेलाच. मी म्हटलं, तेव्हाचं वेगळं आणि आताचं वेगळं. ती हो म्हणाली आणि क्रॅकर्स मागितले.

१२ एप्रिल

काजं आता फारच वाकडी येतात. आज एक काज बटणाच्या मापाच्या दुप्पट कापलेलं निघालं. काज मोठं कापलं गेलं की ते उसवून भागत नाही, कापडच गेलेलं असतं. आतून तुकडा लावून, रंग जुळवून, तासभर रफू केलं. सात वाजून गेले. ती उठून बाहेर आली तेव्हा काम माझ्या हातातच होतं.

"काय करताय?"

"बाहीचं अस्तर."

"दमता तुम्ही," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. अंदाजाने करते, पण चहा अजून बिघडलेला नाही.

पिठीचा डबा पुन्हा संपला. गेल्या महिन्यापासून हा तिसरा.

५ मे

नऊ पूर्णांक दोन.

तीन महिने. रोजचा घाणा. एक बिस्किट नाही, गोळी चुकली नाही. नऊ पूर्णांक दोन. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "पथ्य नक्की पाळताय ना?" मला राग आला. म्हटलं, "बाई, मी स्वतः वाट्या मोजून करतो." त्यांनी पुन्हा तीन महिने दिले. म्हणाल्या, त्यानंतर मात्र मला वाट बघायला आवडणार नाही.

हिने माझा हात धरला होता. तो अजिबात थरथरत नव्हता. रिक्षात बसल्यावर तिने डोकं मागे टेकलं आणि तिला डुलकी लागली. माणूस हादरला की असंही होतं म्हणतात.

मी मात्र घरी आल्यावर कापायच्या टेबलावर डोकं ठेवून बसलो. मग उठून घाणा लावला, दुसरं काय करणार.

१७ मे

लेक आली. तीन दिवस राहणार आहे. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, तुम्ही असे काय दिसताय?" मी म्हटलं, बिया.

संध्याकाळी ती स्टुलावर बसून माझं काम बघत होती. मी गोळा ओट्यावर ठेवला, डब्यात हात घातला, पिठी पसरली.

"हे काय?"

"पिठी."

"कसली?"

"कसली म्हणजे? गव्हाची. लाटायला."

तिने वही मागितली. ही वही तिच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून कृतीचं पान उघडून मीच समोर धरलं. तिने दोनदा वाचलं. "यात पिठी नाहीये."

"पिठी कोण लिहितं? ती लाटायला लावतात. आत कुठे घालतो मी?"

"बाबा, रोज किती लावता?"

मी डब्याकडे पाहिलं. तीनदा मळायचं, प्रत्येक वेळी मूठभर, कातरणीला त्याहून जास्त. मी म्हटलं, "अगं, कोटाचं माप लिहितो तेव्हा माया धरतो का मापात? छाती अडतीस म्हणजे अडतीस. माया आत दुमडलेली असते, ती कोण मोजतं?"

लेकीने डब्यातली पिठी वाटीने मोजून परातीत घातली, माझ्या तीन मुठी आणि वर आणखी दोन. मग बदामाची वाटी शेजारी ठेवली. दोन्ही ढीग सारखेच होते. आईला दिवसाला किती देता, तिने विचारलं. मी म्हटलं, पंधरा-सोळा. चहात मोडत कसे नाहीत याचं मला कौतुक होतं, ते पिठामुळे मोडत नव्हते.

"मी फोनवर सांगितलं होतं, दोन कागदांच्या मध्ये लाटा म्हणून. चिकटू नये म्हणून कागद."

मी खाली बसलो. तीन महिने मी माझ्या हाताने हिला बिस्किटं करून घातली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. ही उभी होती. "तिला बोल लावू नका आणि स्वतःलाही लावून घेऊ नका. मला माहीत होतं."

१८ मे

काल पुढचं लिहवलं नाही.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोटाला पिठी लागते, ती म्हणाली, तिळावर पांढरा हात बसतो, तो मऊ लागतो. जिभेलाही कळतं. मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर साखर उतरली असती."

ती म्हणाली, "मला नाही करायचं ऑपरेशन. आता निदान खिडकी कुठे आहे ते दिसतं, तुम्ही उभे आहात ते दिसतं. ताईला तेवढंही राहिलं नाही. साखर उतरली नाही तर कोणी बळजबरी करणार नव्हतं. आणि तुम्ही एवढ्या हौसेने करत होतात. मला गोडही लागत होतं. खोटं कशाला बोलू?"

लेक चिडली. औषधांच्या दुकानातलं सगळं ज्ञान तिने आईसमोर मांडलं, पडदा, पाय, मूत्रपिंड. ही ऐकत होती, नळाखाली पालथं भांडं धरावं तशी. काही आत गेलं असं मला वाटलं नाही.

मग मी बोललो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "मी थकलोय गं. मला एकट्याला दुकान ओढवत नाही. साडेतीन महिने झाले, घड्याळजीचा कोट पडून आहे. मला तुझी बोटं नकोत, मला तू समोर बसलेली हवीस, माझा कोट बघून नाक मुरडणारी. तू बघत नाहीस तेव्हापासून माझंही काम बिघडलंय."

काजांचं मात्र तोंडावर आलेलं गिळलं.

ती म्हणाली, "तुम्हाला जे कळू द्यायचं नसतं, ते मला आधीच कळलेलं असतं. एवढंच." मला त्याचा अर्थ लागला नाही. पिठीबद्दलच म्हणत असेल.

१९ मे

सकाळी चहाच्या वेळी तिने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "त्या कागदाचं कसं करायचं असतं?"

लेकीने दाखवलं. खाली कागद, वर कागद, मध्ये गोळा, वरून लाटणं. चिकटलं नाही, पिठी लागली नाही. माझ्यासारख्या माणसाला कागदाचं सुचू नये याची लाज वाटली. उरलेली पिठी लेक जाताना घेऊन गेली, चक्क डब्यासकट.

२ जून

खरे क्रॅकर्स खाली पडले तरी मोडतात. चहात तर बघायलाच नको. ही आता ते कपात कुस्करते आणि चमच्याने खाते. "ठिगळाचं सूप," म्हणते. तोंड वाकडं करते, पण संपवते. बोटावर सुई टोचून घ्यायलाही तयार झालीय, फक्त डाव्या करंगळीवर, कारण ती कामाची नाही. यंत्रावरचा आकडा मी मोठ्याने वाचतो.

कातरण आता मी खातो.

१ जुलै

लाटायचं काम तिने घेतलंय. बोटांनी जाडी तपासते आणि माझ्यापेक्षा सारखं लाटते. मी चाकाने चौकोन पाडतो. एवढ्याने सकाळचा तास सुटला, तरी घड्याळजीच्या कोटाची कॉलर दोनदा उसवली. दोष कापडाचा नाही, माझाच.

तो येतो, बसतो आणि कोटाचं विचारत नाही. हे जास्त लागतं.

पहाटेचं काम चालूच आहे. काजं कमी येतात, पण उसवायला तेवढाच वेळ लागतो. आज सुई ओवताना माझाच दोरा चार वेळा चुकला.

४ ऑगस्ट

सात पूर्णांक सात.

डॉक्टरीणबाईंनी एकोणीस तारीख दिली. ही म्हणाली, "एकोणीसच का? वीस चालणार नाही?" बाई हसल्या. मी नाही हसलो, कारण बाकाखाली तिने माझा अंगठा इतका आवळला होता की नखं उमटली.

घरी येऊन तिने विचारलं, "आत तुम्हाला येऊ देतात का?" मी म्हटलं, दारापर्यंत. "मग दारापाशीच राहा. खाली चहाला वगैरे जाऊ नका."

१९ ऑगस्ट

गेलो नाही चहाला.

अर्धा तास लागला. बाकावर बसून मी हातातल्या पिशवीची शिवण बघत होतो. माझीच शिवलेली, दहा वर्षांची, कुठे एक टाका सुटलेला नाही. तेवढाच आधार. परिचारिकेने दार उघडून "झालं" म्हटलं तेव्हा मी पिशवी बाकावरच विसरून दारापाशी गेलो.

२० ऑगस्ट

पट्टी काढली. पडदा बाईंना दिसला. थोडा खराब झालाय, कडेला. आणखी उशीर झाला असता तर मधोमध गेला असता, म्हणाल्या. औषधाने आहे तिथे थांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. हे ऐकताना मला परातीतले ते दोन ढीग दिसत होते. त्यातला किती भाग माझ्या मुठींचा, हे मी बाईंना विचारू शकलो नाही.

ही तोवर माझ्याकडे बघत होती. "अहो," म्हणाली, "तुम्ही किती वाळलात."

मी म्हटलं, बियांनी. ती म्हणाली, "शर्टात दोन माणसं मावतील. आत घ्यायला हवा." आणि तिथेच बाईंसमोर माझी बाही चिमटीत धरून किती कापड जास्त आहे ते बघू लागली. बाईंनी दोघांना बाहेर काढलं.

८ सप्टेंबर

थेंब घालणं चालू आहे. चष्मा आला. दुसऱ्या डोळ्याचं दोन महिन्यांनी. ही घरभर फिरून धूळ शोधते आणि मला दाखवते. ओव्हनच्या मागून अर्धा मळलेला, दगड झालेला गोळा निघाला, फेब्रुवारीतला असावा.

घड्याळजीचा कोट मी शेवटी पूर्ण केला. पाच काजांपैकी चार माझी. पाचवं, सगळ्यात वरचं, राहिलं होतं. आज दुपारी ती खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "इकडे द्या."

सुई स्वतः ओवली. तीन प्रयत्नांत, पण स्वतः. मी समोर इस्त्री करत होतो, म्हणजे थंड इस्त्री एका जागी फिरवत होतो. एका काजाला पाऊण तास लागला. पूर्वी तेवढ्यात पाचही झाली असती आणि चहाही झाला असता. हाताची सवय सुटलीय तिच्या, आणि कडेचं अजूनही तिला नीट दिसत नाही. काज थोडं कललेलं आलं. दोन टाके लांब, शेवटची गाठ जराशी मोठी.

तिने ते उजेडाकडे धरून पाहिलं. मग खालच्या चारही काजांवरून बोट फिरवलं, आता दिसत असूनही बोटच फिरवलं. कोट माझ्यापुढे ठेवला.

"हे उद्या पहाटे उसवू नका."

मी थंड इस्त्री खाली ठेवली.

"तुम्ही डावखुरे. तुमचा टाका उलटा पडतो," ती म्हणाली. "बोटाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्हाला वाटायचं मला आनंद झालाय. झालाच होता थोडा. कोणीतरी माझं काम माझ्या नावाने राखत होतं." मग चष्मा काढून पुसला. "वाईटही वाटायचं. पण ते सांगितलं असतं तर तुम्ही पहाटे उठून काय केलं असतं?"

मी म्हटलं, झोपलो असतो. ती म्हणाली, "मग आता झोपा."

९ सप्टेंबर

सात वाजता जाग आली. इस्त्री तिने तापवून ठेवली होती.

१५ सप्टेंबर

घड्याळजी कोट न्यायला आला. सात महिन्यांनी. ही आत क्रॅकर्स लाटत होती, मधूनच कागदाची सळसळ ऐकू येत होती. त्याने कोट टेबलावर पसरला, खिशातून भिंग काढून डोळ्यात बसवलं आणि एकेक काज बघत वर सरकत गेला. सगळ्यात वरच्यापाशी थांबला. बराच वेळ थांबला.

"हे एक वेगळ्या हाताचं आहे," म्हणाला. "जरा तिरकं आहे."

मी म्हटलं, "हो. ते हिचं आहे."

त्याने भिंग खिशात ठेवलं, कोट अंगात घातला आणि खालची चार बटणं तशीच सोडून वरचं तेवढं लावलं.